साठ हजारांचा गेमिंग पीसी: कोटेशन कसं वाचायचं

आय फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ एसएसडी, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. ठाण्यात विचारा की वाशीत, 'गेमिंग पीसी' म्हटलं की कोटेशन साधारण याच चालीवर येतं. त्यात खोटं काहीच नसतं. फक्त निर्णय घ्यायला लागतं ते बहुतेक सगळं गाळलेलं असतं. आय फाइव्ह २०१२ सालचाही असतो आणि २०२२ सालचाही. आठ जीबीचं कार्ड आरएक्स ६६०० असू शकतं किंवा 'आरएक्स ५८० २०४८एसपी' असू शकतं, जे नावानं ५८० आणि आतून जवळपास ५७०. सोळा जीबी एका पट्टीत आहे की दोन, एसएमपीएसचे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचे, ४५० वॅट खरे की लेबलापुरते, याचा तर उल्लेखच नाही.

बारावीचा निकाल लागला की नात्यातल्या कुणाचा ना कुणाचा मला फोन येतो, "दादा, साठ हजारांत बसव ना." पार्ट्सची यादी पाठवून देता येते, पण ती दोन महिन्यांत शिळी होते. भाव हलतात, माल संपतो, दुकानदार "हे नाही, हे घ्या" म्हणतो आणि यादी पाठ केलेला पोरगा तिथंच अडकतो. म्हणून मी आधी एका फ्रेमचा हिशेब सांगतो. तो कळला की समोर कुठलंही नाव आलं तरी त्याची किंमत जोखता येते.

गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं, आणि त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर सातपेक्षाही कमी. तेवढ्या वेळात दोन कामं उरकायची असतात. प्रोसेसर ठरवतो की या क्षणी शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कुठे वळली, आणि मग ग्राफिक कार्डाला हुकूम सोडतो की हे हे काढ. कार्ड ते ठिपक्या-ठिपक्यानं रंगवतं. १०८०पी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. १४४०पीला जवळपास ३७ लाख, फोर-केला जवळपास ८३ लाख. पडदा मोठा झाला की रंगवणाऱ्याचं काम वाढतं. प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण शत्रू किती ठिपक्यांत रंगवला याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

या दोघांत ज्याला जास्त वेळ लागतो तो फ्रेमचा वेग ठरवतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये चित्र हलकं असतं आणि खेळणाऱ्याला दोनशे-तीनशे फ्रेम हव्या असतात, त्यामुळे तिथे बहुधा प्रोसेसर आधी थकतो. सायबरपंक २०७७ मध्ये त्याच मशीनवर कार्ड आधी गुडघे टेकतं. इंटरनेटवर कोण कुणाला अडवतो ते सांगणारे 'बॉटलनेक कॅल्क्युलेटर' मिळतात, दोन नावं टाका आणि टक्केवारी घ्या. ती टक्केवारी मी मनावर घेत नाही. गेम आणि पडदा विचारल्याशिवाय हे गणित मांडताच येत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न प्रोसेसरचा नाही, मॉनिटरचा. घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल आणि तोच वापरायचा असेल, तर सेकंदाला साठच चित्रं दिसणार. कार्डानं दीडशे काढली तरी हाताला थोडा हलकेपणा जाणवेल, डोळ्यांना ती दिसायची नाहीत. नवा घेणार असाल तर २४ इंची, आयपीएस, १०८०पी, १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झ ही बजेटमधली समंजस निवड. या बजेटात फोर-के डोक्यातून काढून टाका. दुसरा प्रश्न गेमचा. इथे एक गंमत सांगतो. बरीच मुलं "जीटीए ६ चालला पाहिजे" म्हणतात. रॉकस्टारनं त्या गेमची घोषणा केली ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी. पीसीची तारीख त्यात नव्हती. जो गेम पीसीवर जाहीरच झाला नाही, त्याच्यासाठी आज दहा हजार जास्त कशाला घालायचे?

आता ग्राफिक कार्ड. मॉनिटर सोडून साठ हजार असतील तर त्यातले ३५ ते ४० टक्के इथे गेले तर मला वावगं वाटत नाही. या पातळीवरच्या बहुतेक गेममध्ये फ्रेम इथेच मिळतात किंवा इथेच जातात. पण नावांच्या जंगलात जपून पाऊल टाका. जीटी ७३० ला ग्राफिक कार्ड म्हणता येतं, गेमिंग कार्ड म्हणता येत नाही. जीटी १०३० दोन प्रकारची निघाली, एक जीडीडीआर५ मेमरीची आणि एक डीडीआर४ची. खोक्यावरचं मोठं नाव एकच, पण दुसरी फारच मंद. आरटीएक्स ३०५० चीही तीच गत. ८ जीबीवालीत २५६० कोअर (हिशेब करणारे भाग) आहेत, ६ जीबीवालीत २३०४, आणि मेमरीचा रस्ताही १२८ बिटवरून ९६ बिटवर आलेला. म्हणजे नुसती दोन जीबी कमी झाली असं समजायचं कारण नाही, ते कार्डच धाकटं आहे. त्याचा एक गुण मात्र खरा: ते ७० वॅटवर भागवतं, त्यामुळे बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. ऑफिसातून निघालेला जुना डबा घरी असेल आणि त्याचा एसएमपीएस बदलता येत नसेल, तर ते कामाला येतं.

कार्डाच्या मेमरीबद्दल, म्हणजे व्हीरॅमबद्दल, थोडं सविस्तर सांगायला हवं. भिंतीचा पोत, कपड्यांचे रंग, रस्त्यावरचं डबकं, हे सगळं रंगवताना हाताशी लागतं आणि ते व्हीरॅममध्ये ठेवलेलं असतं. स्वयंपाकाचा ओटा लहान असला की प्रत्येक डब्यासाठी गॅलरीतल्या फडताळापर्यंत जावं लागतं, तसं व्हीरॅम भरल्यावर कार्डाला मशीनच्या मुख्य रॅमकडे धावावं लागतं. हे धावणं किती महाग पडतं ते आकड्यांत बघा. आरएक्स ६६०० स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला २२४ जीबी उचलतं. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेनं त्याला जेमतेम १६ जीबी मिळतात, आणि बोर्ड किंवा प्रोसेसर जुन्या ३.० पिढीचा असेल तर फक्त ८. गेम छान चाललेला असताना मधेच हिसका बसतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. सरासरी फ्रेम चांगली दिसते आणि खेळताना मात्र वैताग येतो.

आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात हे सगळं एकत्र आलंय. मेमरी ४ जीबी, आणि बोर्डाशी जोडणाऱ्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, चारच. ३.० बोर्डवर त्याची वाट सेकंदाला ४ जीबीपर्यंत आक्रसते. ते स्वस्तात मिळतं म्हणून कुणी गळ्यात मारायला बघत असेल तर मुकाट पुढच्या दुकानात जा. आज नवं कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६० ही ८ जीबीची मंडळी १०८०पीसाठी बनलेली. त्यात ४०६० वीज कमी खातं, ११५ वॅट. ६६०० ला १३२ लागतात, ७६०० ला १६५. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड कागदावर सगळ्यात मोहात पाडतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय) सुरू असलेला बोर्ड आणि बऱ्यापैकी ताजा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनमध्ये नुसतं कार्ड बदलायचं असेल तर ते घेऊ नका.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरं नीट वाचा, पैसे तिथे अडकतात. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक नसतं. कोअर आय५-१२४००एफ लावला आणि ग्राफिक कार्ड पुढच्या दिवाळीत घेऊ म्हणालात, तर दिवाळीपर्यंत पडदा काळाच राहील. एएमडीच्या रायझनच्या नावात जी असेल तर उलट, आत बरं ग्राफिक असतं. पण त्या जीची किंमत मोजावी लागते. रायझन ५ ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आणि पीसीआय ४.०, ५६००जी मध्ये १६ एमबी आणि ३.०. आकडा तोच, पण कार्ड लावून खेळताना ५६०० पुढे जातो. ५५०० ही याच बाबतीत ५६००जीच्याच रांगेत बसतो. आज कार्ड घेताच येत नसेल तर 'जी'वाला घ्यावा, कार्ड आजच घेणार असाल तर जीच्या वाटेला जाऊ नये.

सहा कोअर, बारा थ्रेडचा ५६०० किंवा १२४००एफ या बजेटला पुरतो. त्याहूनही ओढाताण असेल तर चार कोअरचा आय३-१२१००एफ आहे. "आय थ्री?" म्हणून तोंड वाकडं होतं, पण हा २०२२ सालचा आय थ्री २०१३ सालच्या आय सेव्हन-४७७० ला सहज मागे टाकतो. म्हणूनच "आय सेव्हन गेमिंग पीसी, फक्त इतक्यात" अशा जाहिरातींकडे मी संशयानं बघतो. आय सेव्हनच्या पुढचा चार किंवा पाच आकडी क्रमांक विचारा. तो २६००, ३७७० किंवा ४७७० निघाला तर तो दहा वर्षांहून जुना माल आहे, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० ची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीही मागतो.

प्रोसेसर ठरला की मदरबोर्डाची निम्मी निवड आपोआप होते, कारण खाचा जुळाव्या लागतात. ५६०० ला एएम४, १२४००एफ ला एलजीए १७००, रायझन ७००० पासून पुढे एएम५. एएम४ वर डीडीआर४ रॅम, एएम५ वर फक्त डीडीआर५, आणि एलजीए १७०० वर दोन्हींपैकी एक, बोर्ड कुठला त्यावर. एएम५ घेतला तर तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता जास्त. पण त्या शक्यतेसाठी आज कार्ड एक पायरी खाली आणावं लागत असेल, तर मी एएम४ घेईन. बोर्डातही बी५५० आणि ए५२० यांत फरक आहे. ए५२० वर पीसीआय ३.० च मिळतं, आणि ६६००, ७६००, ४०६० अशा आठ लेनच्या कार्डांना ते थोडं बोचतं. जुना बी४५० बोर्ड देत असतील तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ५००० मालिकेसाठी अपडेट केलंय का, एवढं विचारा. नाहीतर सगळं जोडून मशीन सुरूच व्हायचं नाही.

रॅमची सध्या वेगळीच कथा आहे. २०२५ च्या अखेरीपासून भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे ओढला जातोय. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातून जाताना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात ना, तशाच जगभरच्या इमारती आपल्या पोरांच्या रॅमच्या पट्टीला गिऱ्हाईक म्हणून उभ्या आहेत. अशा वेळी घरात जुन्या मशीनमधल्या डीडीआर४ च्या चांगल्या पट्ट्या पडल्या असतील तर त्या सोनं समजा आणि एएम४ वरच थांबा.

विकत घ्यायची असेल तर १६ जीबी, आणि ८-८ च्या दोन पट्ट्यांत. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या की ५१.२. वेगळं कार्ड असेल तर फरक मध्यम. पण 'जी'वाला प्रोसेसर असेल तर त्याचं ग्राफिक याच रॅममधून जेवतं, तिथे एकच पट्टी लावणं म्हणजे त्याला अर्धपोटी ठेवणं. दुकानदार म्हणतो, "एक लावा, पुढे दुसरी वाढवता येईल." त्याचं बोलणं खोटं नाही, फक्त ते 'पुढे' क्वचित येतं.

एसएमपीएसवर सगळे काटकसर करतात, कारण तो फ्रेम वाढवत नाही. मात्र बिघडला तर तो एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्ड घेऊन जाऊ शकतो. लेबल वाचायला शिका. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या वाटेवर जगतात, म्हणून त्या रांगेतला अँपिअरचा आकडा बघायचा आणि १२ नं गुणायचा. वर '४५० वॅट' छापलंय आणि खाली १२ व्होल्टला १५ अँपिअर लिहिलंय? मग कामाचे वॅट १८०. त्यावर १३२ वॅटचं कार्ड आणि प्रोसेसर लावून सायबरपंक सुरू केला की मशीन बंद पडलं, तर दोष गेमचा नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच गुणाकार ५०० च्या वर जातो. ८० प्लसचा शिक्का तो भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती मशीनला पोचवतो ते सांगतो, आतले भाग किती टिकतील ते नाही. तरी या बजेटात नावाजलेल्या कंपनीचा, ब्राँझ शिक्क्याचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॅट मिळाला की मी पुढे शोधत नाही. आणि ५५० वॅट म्हणजे वीजबिलात सतत ५५० पडत नाहीत. ५६०० आणि ६६०० ची जोडी गेममध्ये तीनशेच्या आत राहते.

विजेचा विषय निघालाच आहे तर, घरचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. मशीन अधिक मॉनिटर म्हटलं की तो काठावर येतो. हजार-अकराशे व्हीएचा बघावा. इमारत जुनी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथे अर्थिंगची बोंब आहे.

एसएसडी, म्हणजे गेम साठवायची जागा, एनव्हीएमई (बोर्डाच्या खाचेत बसणारा) घ्या आणि जमलं तर १ टीबीचा. मोठे गेम १०० जीबीच्या घरात गेलेत, ५१२ मध्ये चार-पाच बसले की जागा संपते. ३.० की ४.० यावर फार डोकं घालू नका, गेम उघडायला लागणाऱ्या वेळात फरक थोडाच.

कॅबिनेटच्या बाबतीत मात्र आमच्या हवेचा विचार करा. समोरून काच आणि आत रंगीबेरंगी पंखे असलेलं कॅबिनेट शोकेसमध्ये झकास दिसतं, पण बंद काचेतून पंखा हवा ओढणार कुठून? खोलीचं तापमान जितकं वर जातं, जवळपास तितकंच आतल्या पार्ट्सचंही जातं. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये एसीशिवाय खेळणाऱ्यानं समोरून जाळीचंच घ्यावं. धूळ जास्त जाईल, हे मान्य. बांधकामं चालू असलेल्या भागात तर फारच. त्यासाठी काढून धुता येणारा फिल्टर असलेलं बघा आणि महिन्यातून एकदा तो झटका. आरजीबीचे, म्हणजे त्या रंगीत दिव्यांचे, पैसे वाचले तर एसएमपीएसमध्ये घाला.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड अजूनही आहेच. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं पत्त्यात लिहितात, बोलताना कुणी म्हणत नाही. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो पकडून ग्रँट रोड. वाशीहून कुर्ला आणि दादर असं दोनदा बदलत. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. फायदा असा की दहा पावलांवर दुसरं कोटेशन मिळतं. तोटा असा की वॉरंटीसाठी पुन्हा तेवढाच प्रवास. ऑनलाइन भाव आधी मोबाइलवर काढून ठेवा आणि जवळच्या दुकानदाराला दाखवा. हजार-पाचशेचा फरक असेल तर मी जवळच्याकडूनच घेतो, पार्ट बिघडल्यावर त्याच्या दारात उभं राहता येतं.

"बिल नको असेल तर कमी करतो" हा प्रस्ताव येईल. साठ हजारांच्या पक्क्या बिलात १८ टक्के जीएसटीचे साधारण ९,१५० रुपये असतात, म्हणून मोह होतो. पण ग्राफिक कार्डाची बहुधा तीन वर्षांची वॉरंटी मागायला गेल्यावर तारखेचं बिल मागतात. बिलावर नुसतं 'कॉम्प्युटर सेट' नको. प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर हवा. खोके सीलबंद आहेत ना, प्रोसेसर खोक्यातला आहे की सुटा, हे जोडणी सुरू होण्याआधी बघा. सुट्या प्रोसेसरला पंखा आणि वॉरंटी कोण देणार ते तिथेच विचारा.

मशीन घरी आलं की मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता खाली आडव्या बसलेल्या ग्राफिक कार्डाला लावा. ही चूक इतकी सर्रास होते की "कार्ड चालत नाही" अशी तक्रार आली की मी आधी केबलचा फोटो मागवतो. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगानं चालवायची सेटिंग) सुरू करा. नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वरच रांगत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो. विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट १४४ किंवा जो असेल तो स्वतः निवडा, तो बरेचदा ६० वरच राहिलेला असतो. आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्यात जड गेम तासभर चालवून तापमान बघा. काही खटकलं तर दुसऱ्या दिवशी बिल घेऊन दुकानात जा, कारण पार्ट हातोहात बदलून देण्याची मुदत बहुतेक दुकानांत काही दिवसांचीच असते.